पॅचुलीच्या खांद्यावरचा गुलाब

गुलाब आणि पॅचुली (एका झुडपाच्या पानांचं सुगंधी तेल) यांच्या परफ्यूमबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक अशी, की सकाळी फवारलेला गुलाब दुपारपर्यंत उडून जातो आणि अंगावर नुसती ओल्या मातीच्या वासाची पॅचुली उरते. दुसरी, की रात्री शर्ट धुवायला टाकताना त्याला अजून गुलाबाचा वास येतच असतो. दोन्ही खऱ्या आहेत, एकाच बाटलीबद्दल असल्या तरीही. आपण ज्याला गुलाब म्हणतो तो वास एका पदार्थाचा नसतो. त्यातले काही रेणू तास-दोन तासांत निघून जातात, काही दिवसभर रेंगाळतात. गेलेल्यांची जागा पॅचुली भरून काढते आणि नाक त्या बेरजेला गुलाबच म्हणत राहतं. चांगल्या गुलाब-पॅचुलीचं सगळं कसब या अदलाबदलीत आहे.

वजनाचा गुलाब आणि वासाचा गुलाब

दमास्क गुलाबाचं एक किलो तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळवायचं तर साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. तोडणी पहाटेची, ऊन चढलं की पाकळीतलं तेल घटतं. बल्गेरियन गुलाबतेलात सगळ्यात मोठा वाटा सिट्रोनेलॉलचा, सुमारे 38 टक्के. त्यामागोमाग जिरॅनिऑल 14 टक्के, नेरॉल 7 टक्के. साधारण 16 टक्के तर मेणासारखे पॅराफिन असतात. त्यांना वास जवळजवळ नसतोच, पण तेल थंडीत बाटलीतच थिजतं ते त्यांच्यामुळे.

हा झाला वजनाचा हिशेब. नाकाचा हिशेब वेगळा असतो. एखाद्या पदार्थाचा वास जेमतेम लागेल इतकं कमीत कमी प्रमाण म्हणजे त्याचा गंध-उंबरठा. पाण्यात सिट्रोनेलॉलचा उंबरठा अब्जात 40 भाग आहे. बीटा-डॅमॅस्केनोन नावाच्या रेणूचा अब्जात 0.009 भाग, म्हणजे चार हजार पटींहूनही कमी. गुलाबतेलात हा रेणू अवघा 0.14 टक्के असतो. पण प्रत्येक घटकाच्या प्रमाणाला त्याच्या उंबरठ्याने भागून बेरीज मांडली, तर 70 टक्के वाटा या एकट्याच्या नावावर जमा होतो. बीटा-आयोनोन फक्त 0.03 टक्के असून 19 टक्के वाटा उचलतो. वजनात पहिला असलेला सिट्रोनेलॉल मात्र चार टक्क्यांच्या थोडा वर जाऊन थांबतो. जिनिव्हात काम केलेले रसायनतज्ज्ञ गुंथर ओलोफ यांनी मांडलेली ही आकडेमोड सुगंधाच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती शब्दशः घ्यायची नसते, कारण प्रमाण दहापट झालं म्हणून वास दहापट लागत नाही. पण ती एक गोष्ट पक्की करते: गुलाबाचा अंगभर पसारा सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑलचा, ओळख मात्र शेकड्यात एक भागही नसलेल्या रेणूंची.

आणखी एक रेणू लक्षात ठेवण्याजोगा आहे, रोझ ऑक्साइड. तेलात अर्धा टक्का, उंबरठा अब्जात 0.5 भाग. त्याचा वास हिरवट, धातूसारखा, थंड. लिचीच्या वासातही हाच असतो, म्हणून पुष्कळ आधुनिक गुलाब पहिल्या पाच मिनिटांत लिचीसारखे वाटतात.

फिनाइलएथिल अल्कोहोलची कथा जरा गमतीची आहे. पाकळीत तो भरपूर असतो, पण पाण्यात विरघळतो. त्यामुळे ऊर्ध्वपातनात तो तेलात न येता गुलाबपाण्यात निघून जातो आणि तेलात दोन-तीन टक्केच उरतो. द्रावकाने काढलेल्या ॲब्सोल्यूटमध्ये मात्र निम्म्याहून जास्त भाग त्याचाच. म्हणूनच एकाच फुलाचं तेल तिखट-उजळ लागतं आणि ॲब्सोल्यूट मधाळ, भरलेलं. परफ्यूमच्या बाटलीतला गुलाब बहुतेक वेळा या दोन्हींचा चिमूटभर अंश आणि कारखान्यात तयार झालेल्या याच रेणूंचं मिश्रण असतो. त्यात कमीपणा काही नाही. रेणू फुलातला असो वा भांड्यातला, नाकाला फरक कळत नाही. फरक पडतो तो नैसर्गिक तेलातल्या शेकडो बारीकसारीक घटकांचा.

कोण आधी उडतं

द्रवातून रेणू किती जोराने हवेत निसटू पाहतात, ते बाष्पदाबावरून कळतं. 25 अंश सेल्सिअसला इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे 7,900 पॅस्कल असतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा 200, लिनालूलचा 20 च्या आसपास, फिनाइलएथिल अल्कोहोलचा 10 च्या आसपास, जिरॅनिऑलचा 4 च्या आसपास. आधुनिक परफ्यूममध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या गॅलॅक्सोलाइड या मस्कचा, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाच्या द्रव्याचा, फक्त 0.07. पॅचुलीतला मुख्य रेणू पॅचुलॉल याच शेवटच्या गटात बसतो.

जड रेणू सावकाश आणि हलका रेणू झटपट उडतो, असं सांगितलं जातं. ते ढोबळमानाने खरं आहे. पण लिमोनीनचा रेणुभार 136 आणि फिनाइलएथिल अल्कोहोलचा 122. हलका असूनही दुसऱ्याचा दाब वीसपट कमी आहे. कारण त्याच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे आणि ती शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवते. गुलाबातले सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल हे सगळे याच अल्कोहोल कुळातले. म्हणूनच गुलाब लिंबूवर्गीय गंधांपेक्षा जास्त वेळ थांबतो आणि परफ्यूमच्या मधल्या टप्प्यात येऊन बसतो.

पॅचुली फिक्सेटिव्ह आहे, ती गुलाबाला धरून ठेवते, असं जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं. हे अर्धसत्य आहे. मिश्रणात एखाद्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणूंच्या वाट्याइतका खाली येतो. शंभर रेणूंत जिरॅनिऑलचे दहा असतील, तर त्याचा दाब 4 पॅस्कलवरून साधारण 0.4 वर उतरतो. तो सावकाश निघतो हे खरं, पण त्याच हिशेबात त्याचा वासही मंद होतो. शिवाय हे काम कुठलाही जड द्रव करतो, अगदी बिनवासाचासुद्धा. पॅचुलीची खरी करामत हवेत नसून नाकात घडते. तिचा कोरडा, किंचित कोकोसारखा, किंचित वाइनसारखा वास डॅमॅस्केनोनच्या आलुबुखारासारख्या गोडीला इतका जवळचा आहे, की दोन्ही मिळून एकच गडद गुलाब वाटतो. अल्कोहोल कुळातले गुलाबी रेणू संपल्यावरही हे चित्र टिकतं.

पॅचुली म्हणजे नेमकं काय

पोगोस्टेमॉन कॅब्लिन हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं झुडूप. त्याच्या जातभाईंना मराठीत 'पाच' म्हणतात. व्यापारातलं बहुतांश तेल इंडोनेशियातून येतं. पानं आधी वाळवतात, काही ठिकाणी रचून थोडी उबवतातही. त्यामुळे पेशींच्या भिंती सैल होतात आणि आतल्या ग्रंथींतलं तेल वाफेला सापडतं. वाळलेल्या पानांतून वजनाच्या दोन-तीन टक्के तेल निघतं. गुलाबाशी तुलना केली तर हा सुकाळच.

तेलातला साधारण तिसरा हिस्सा पॅचुलॉलचा. शुद्ध पॅचुलॉल स्फटिकरूप असतो, 56 अंशांच्या आसपास वितळतो. उरलेल्या भागात अल्फा-बुल्नेसीन, अल्फा-ग्वाएन, सेशेलीन यांसारखी पंधरा कार्बनची हायड्रोकार्बनं, आणि एक टक्क्याहून कमी असूनही आपली हजेरी लावणारा नॉरपॅचुलेनॉल. पॅचुलॉलच्या रचनेने रसायनशास्त्रज्ञांना छान चकवलं होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्यॉर्ग ब्यूखी यांच्या गटाने हा रेणू प्रयोगशाळेत बनवला आणि तो नैसर्गिक रेणूशी जुळलाही. पण ज्या रचनेवरून तो बनवला होता ती रचनाच चूक निघाली. क्ष-किरणांनी स्फटिक तपासल्यावर उलगडा झाला: सांगाडा एकदा रचना ठरवताना आणि पुन्हा एकदा तो रेणू बनवताना आपणहून बदलला होता आणि दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढलं होतं. इतका गुंतागुंतीचा सांगाडा कारखान्यात स्वस्तात बनवणं आजही परवडत नाही. त्यामुळे पॅचुली अजून शेतातूनच येते, किंवा किण्वनाच्या टाकीतून. क्लिअरवुड हे 2014 साली बाजारात आलेलं द्रव्य साखरेवर वाढवलेल्या यीस्टकडून बनवून घेतात. त्यात पॅचुलॉल आहे, पण मातकट, कापरासारखे, दमट कोपरे नाहीत.

हे कोपरेच आधुनिक आणि जुनाट पॅचुली यांच्यातली रेष आखतात. कच्च्या तेलाच्या सुरुवातीला कापूर आणि बंद तळघर असं काहीतरी येतं. परफ्यूमसाठी तेलाचं निर्वात ऊर्ध्वपातन करून हा हलका भाग आणि तळाचा रंगीत भाग दोन्ही वेगळे करतात आणि मधला तुकडा घेतात. तेल लोखंडी भांड्यात काढलं असेल तर त्यात लोहाचे अंश उतरतात. ते तेलाला गडद तपकिरी करतात, आणि फॉर्म्युल्यात सॅलिसिलेटसारखी द्रव्यं असतील तर लोहाशी जुळून परफ्यूम लालसर-जांभळा पडू शकतो. असं तेल सायट्रिक आम्लाने धुऊन लोह काढून घेतात. साठवलेल्या पॅचुलीचा धारदारपणा वर्षा-दोन वर्षांत मवाळ होतो, म्हणून ती थोड्या सुगंधी तेलांपैकी आहे जिला वय मानवतं.

एक जोड इथे सांगायलाच हवा. अल्फा-ग्वाएनचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून रोटंडोन बनतो. काळ्या मिरीचा मिरेपणा याच रेणूचा. 2008 साली तो वाइन आणि मिरीत ओळखला गेला. पॅचुली तेलावर एन्झाइमची प्रक्रिया करून मुद्दाम मिरीकडे झुकवलेली द्रव्यंही आता मिळतात. गुलाब, मिरी आणि पॅचुली यांचं त्रिकूट इतकं जमतं, यामागे हे रासायनिक नातं आहे. अर्थात दर पाच माणसांतल्या सुमारे एकाला रोटंडोनचा वासच येत नाही, त्याच्यासाठी या परफ्यूमची सुरुवात सपाट असते.

स्त्रीचा, पुरुषाचा, कुणाचाही

रेणूला लिंग नसतं, सवयीला असतं. गुलाबात एथिल माल्टॉलसारख्या द्रव्यांनी साखरेची आणि फळांची गोडी वाढवली की तो 'बायकांच्या' फडताळाकडे सरकतो, सीडार, वेटिव्हर (वाळा), मिरी, धूप घालून कोरडा केला की 'पुरुषांच्या'. युनिसेक्स गुलाब-पॅचुली या दोन्हींच्या मधोमध राहते: गोडी डॅमॅस्कोन या डॅमॅस्केनोनच्या जवळच्या नातलगापुरती, कोरडेपणा पॅचुली आणि लाकडी द्रव्यांचा, हिरवटपणा जिरेनियम तेलाचा. जिरेनियममध्ये सिट्रोनेलॉल-जिरॅनिऑल असतातच, वर थोडा पुदिन्यासारखा गारवाही असतो.

या जोडीचा पाया जुना आहे. 1917 साली आलेल्या, फ्रान्स्वा कोटी या सुगंधकाराच्या 'शिप्र'ने बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), लॅब्डानम (एक सुगंधी राळ) आणि ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं लायकेन) यांचा साचा घालून दिला. 1971 च्या 'ॲरोमॅटिक्स एलिक्सिर'ने गुलाब आणि पॅचुलीला त्या साच्यात दणदणीत जागा दिली. 1992 च्या 'एंजल'ने पॅचुलीला साखरेत घोळवलं. पुढे ओकमॉसमधल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या तीव्र ॲलर्जीकारक रेणूंमुळे त्यावर बंधनं आली. 2017 साली युरोपीय संघाने दोन्हींवर बंदीच घातली. ओकमॉसची रिकामी जागा स्वच्छ केलेल्या पॅचुलीने घेतली. आज ज्याला आधुनिक शिप्र म्हणतात तो बहुतेकदा पॅचुलीच्या पायावरच उभा असतो.

अंगावर काय घडतं

एक फवारा म्हणजे साधारण 0.1 मिलिलिटर, सुमारे 83 मिलिग्रॅम द्रव. 18 टक्क्यांच्या ओ द परफ्यूममध्ये त्यातला अर्क फक्त 15 मिलिग्रॅम. बाकी अल्कोहोल, तो मिनिटभरात उडतो. तेवढा वेळ नाक दूर ठेवावं. अल्कोहोलची वाफ पुढच्या काही मिनिटांचा अंदाज बिघडवते.

त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं बर्गमॉट, गुलाबी मिरी आणि रोझ ऑक्साइडची. गुलाब इथे सगळ्यात थंड, उजळ आणि थोडा धातूसारखा लागतो. दुकानात कागदी पट्टीवर वास घेऊन बाटली घेणारे लोक बहुधा याच वीस मिनिटांचे पैसे मोजतात. मग तास-दोन तास सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि फिनाइलएथिल अल्कोहोल पुढे असतात, आणि पॅचुली मागून कापरासारखी अधूनमधून डोकावते. दुसऱ्या तासापासून अदलाबदल सुरू होते. गुलाब ओल्या फुलाचा राहत नाही, सुकवलेल्या पाकळ्यांचा, मुरंब्याचा, तंबाखूच्या पानाचा होत जातो. इथे डॅमॅस्कोन आणि पॅचुली जोडीने काम करतात. परफ्यूम बनवणारे याच टप्प्यासाठी रोझ क्रिस्टल नावाचं पांढरं, फार सावकाश उडणारं द्रव्य घालतात. सहा-आठ तासांनंतर त्वचेजवळ पॅचुली, मस्क आणि लाकडी द्रव्यं राहतात.

हे वेळापत्रक तापमानावर हलतं, आणि सगळ्या रेणूंसाठी सारखं हलत नाही. 25 वरून 35 अंशांवर गेलं की जिरॅनिऑलसारख्या रेणूचा बाष्पदाब दुपटीच्या थोडा वर जातो. पॅचुलॉलसारख्या जड रेणूचा जवळपास तिप्पट होतो. जड रेणूला द्रवातून सुटायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून उष्णतेचा फायदाही त्यालाच जास्त. म्हणजे उकाड्यात गुलाब लवकर संपतो आणि पॅचुली प्रमाणाबाहेर वर येते. थंडीत उलट: वास कमी पसरतो, पण गुलाब आणि पॅचुलीचा तोल जास्त वेळ राखला जातो. उन्हाळ्यात हा परफ्यूम 'जड' लागतो ही नुसती समजूत नाही.

त्वचेचा पृष्ठभाग साधारण 32 ते 34 अंशांचा, कपड्याची बाहेरची बाजू खोलीच्या तापमानाची. शिवाय त्वचा काही रेणू शोषून घेते, कापूस तसं करत नाही. सुरुवातीच्या दोन तक्रारींचं कोडं इथे सुटतं: दुपारी मनगटावर पॅचुली आणि रात्री शर्टावर गुलाब. मात्र पॅचुलीचा तपकिरी रंग पांढऱ्या कापडावर आणि रेशमावर डाग पाडतो. आतल्या शिवणीवर एक फवारा मारून, वाळल्यावर उजेडात बघून मगच कपड्यावर वापरावा.

कोरड्या त्वचेवर मधला टप्पा आखूड होतो. त्वचेवरची चरबी सुगंधी रेणूंना विरघळवून धरते. ती नसेल तर ते लवकर निसटतात. बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून पाच-दहा मिनिटांनी फवारा मारला तर फरक कळतो. गुलाबपाणी वर शिंपडून गुलाब वाढत नाही, कारण त्यात वासाचं द्रव्य फारच कमी असतं. मनगटं एकमेकांवर घासल्याने रेणू 'तुटतात' हे मात्र थोतांड. घासल्याने ऊब येते, थर पसरतो आणि वरचे गंध लवकर जातात, इतकंच.

वास गेला, की नाक थकलं?

'दोन तासांत गायब झाला' असं म्हणण्याआधी दुसऱ्याच्या नाकाची साक्ष घ्यावी. एकच गंध सतत येत राहिला की नाक पंधरा-वीस मिनिटांत त्याची दखल घेणं सोडतं. गळ्यावर फवारणाऱ्यांचं हे सगळ्यात लवकर होतं, कारण स्रोत नाकाखालीच असतो. त्याऐवजी मानेच्या मागे किंवा कोपराच्या वर, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून एक-एक फवारा पुरतो. स्वतःला वास येत नाही म्हणून चौथा-पाचवा फवारा मारणारा माणूस लिफ्टमध्ये इतरांना मात्र चांगलाच जाणवतो.

काही रेणू काही जणांना मुळातच कळत नाहीत. बीटा-आयोनोनच्या बाबतीत हे जनुकापर्यंत शोधलं गेलं आहे: OR5A1 या गंध-ग्राहकाच्या जनुकातल्या एका बदलावर तो रेणू कुणाला फुलासारखा लागेल आणि कुणाला आंबूस किंवा जवळजवळ काहीच लागणार नाही, हे ठरतं. मोठ्या आकाराच्या मस्क रेणूंचंही तसंच. 'त्वचेचं रसायन' म्हणून ज्याचा डंका पिटला जातो, त्यातला बराच भाग असा नाकाचा असतो.

घेण्याआधी तपासायचा असेल तर एका हाताच्या पुढच्या बाजूवर एक फवारा आणि एका कागदी पट्टीवर एक. पट्टीवर नाव आणि वेळ लिहून ठेवावी. वास घ्यावा तो 15 मिनिटं, 1 तास, 4 तास आणि 8 तासांनी. पट्टीचा दुसऱ्या दिवशीही. चार तासांनी पट्टीवर गुलाब आणि हातावर निव्वळ पॅचुली असेल, तर अडचण त्वचेच्या कोरडेपणाची किंवा उष्णतेची. दोन्हींवर निव्वळ पॅचुली असेल तर फॉर्म्युल्याचीच. एका दिवशी एका हातावर एकच परफ्यूम. मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याचा उपयोग नाही. प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत.

दहा ग्रॅमचा प्रयोग

ही अदलाबदल समजून घ्यायचा सरळ मार्ग म्हणजे अर्क स्वतः जुळवून बघणं. दहा ग्रॅमसाठी एक साधा आराखडा असा: फिनाइलएथिल अल्कोहोल 2 ग्रॅम, सिट्रोनेलॉल 1.2, जिरॅनिऑल 0.8, जिरेनियम तेल 0.3, पॅचुली तेल 1.8, आयसो ई सुपर (लाकडी वासाचं द्रव्य) 1.5, हेडिओन (हलक्या मोगऱ्यासारखं) 1.2, एथिलिन ब्रॅसिलेट (मस्क) 0.8, गुलाबी मिरीचं तेल 0.15, फ्युरोकुमारिन (उन्हात त्वचा पोळवणारे घटक) काढलेलं बर्गमॉट 0.1, बीटा-डॅमॅस्कोनचं 10 टक्के द्रावण 0.1 आणि रोझ ऑक्साइडचं 10 टक्के द्रावण 0.05. द्रावणं डायप्रोपिलिन ग्लायकॉल या जवळजवळ बिनवासाच्या द्रावकात करावीत. हा अर्क 45.5 ग्रॅम 95-96 टक्के इथेनॉलमध्ये मिसळला की 18 टक्क्यांचं परफ्यूम होतं. हातमोजे घालावेत आणि जवळपास ज्योत नको. इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेटते.

मोजमाप थेंबांनी नाही, वजनाने. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर 0.05 ग्रॅम मोजताना एका अंकाची चूक म्हणजे 20 टक्क्यांची चूक. म्हणून रोझ ऑक्साइडचं 1 टक्का द्रावण करून 0.5 ग्रॅम घ्यावं. ग्लायकॉलचा तेवढा भार वाढला तरी बिघडत नाही. डॅमॅस्कोनमध्ये घोटाळा झाला तर तो लपत नाही. 10 टक्के द्रावणाऐवजी चुकून शुद्ध डॅमॅस्कोन 0.1 ग्रॅम पडला, तर सगळं मिश्रण सफरचंदाच्या मुरंब्यासारखं आणि तंबाखूसारखं होतं, आणि तो त्वचेसाठी सुरक्षित मर्यादेच्याही बाहेर जातो. योग्य प्रमाणात तयार परफ्यूमच्या एका फवाऱ्यात डॅमॅस्कोन फक्त 15 मायक्रोग्रॅम उतरतो, आणि तरीही तो वगळून केलेलं दुसरं मिश्रण शेजारी ठेवलं की त्यातला गुलाब साबणासारखा पोकळ वाटतो. पॅचुली 3 ग्रॅमवर नेली तर पहिल्या तासातच कापूर गुलाबाला झाकून टाकतो, 0.8 वर आणली तर तिसऱ्या तासानंतर हाताशी मस्कशिवाय फारसं काही राहत नाही.

तयार द्रव तीन-चार आठवडे अंधारात मुरू द्यावा. खरं गुलाबतेल किंवा ॲब्सोल्यूट घातलं असेल तर 4 अंशांवर दिवसभर ठेवून गाळून घ्यावं, नाहीतर मेण पुढे बाटलीत धुकं धरतं. मिसळताक्षणीच गढूळ झालं तर इथेनॉलमध्ये पाणी जास्त आहे.

त्वचा संवेदनशील असेल तर वेष्टनावरची यादी वाचावी. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनालूल, लिमोनीन ही नावं युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत 0.001 टक्क्याच्या वर असली की छापावी लागतात. 2023 च्या दुरुस्तीने या यादीत पॅचुली तेल आणि गुलाबी कीटोन (डॅमॅस्कोन-डॅमॅस्केनोनचा गट) हेही आले. लिनालूल आणि लिमोनीन ताजे असताना त्वचेला फारसे लागत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनले की तेच खाज आणि पुरळ आणू शकतात. म्हणून बाटली 15 ते 20 अंशांत, अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवावी; न्हाणीघरातली फळी ही तिच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. एक चतुर्थांश उरलेल्या मोठ्या बाटलीत द्रवापेक्षा हवाच जास्त असते. स्क्रू-झाकणाची असेल तर उरलेलं परफ्यूम लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावं. सुरुवातीचा बर्गमॉट आंबट, वार्निशसारखा लागू लागला तर वरचा थर खराब झाला आहे असं समजावं. पॅचुली तेव्हाही ठीकच असते, पण ते परफ्यूम आता त्वचेऐवजी रुमालावर वापरलेलं बरं.